‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ वर्गात सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडीच्या ताई, पहिली-दुसरीचे शिक्षक आणि मधूनमधून घरची मंडळी भोपळ्यातल्या म्हातारीबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदाच गोष्ट सांगणाऱ्यांसाठी, अडचणीचे पुढे. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न काढा.

१. गोष्ट नेमकी कोणती? आमच्या आजीची जरा वेगळी होती. मग खरी कुठली?

सांगाडा असा. एक अशक्त म्हातारी लेकीच्या गावाला निघते. वाटेत जंगल लागतं. कोल्हा, लांडगा, वाघ असे एकेक जण भेटतात आणि ‘तुला खातो’ म्हणतात. ती प्रत्येकाला सांगते, ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग मला खा.’ लेकीकडे राहून ती खरंच धडधाकट होते. परत निघताना मोठ्या भोपळ्यात बसते. वाटेत कुणी म्हातारीची चौकशी केली की आतून उत्तर येतं, ‘म्हातारी-बितारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!’

पुढे घरोघरी फरक. कुणाकडे अस्वल असतं, कुणाकडे ‘कशाची म्हातारी, कशाची कोतारी’ म्हणतात. कुठे म्हातारी सरळ घरी पोचते, कुठे भोपळा फुटतो आणि ती समोरच्याच्या डोळ्यांत तिखट टाकून पळते. महाराष्ट्राबाहेरही हीच तऱ्हा. बंगालमध्ये कुबडी म्हातारी नातीकडे जाते आणि शेवटी गाणं म्हणायच्या निमित्ताने आपल्या कुत्र्यांना हाक मारते. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी ती गोष्ट १९१० साली छापली. पंजाबात म्हातारीच्या जागी कोकरू आहे. ते आजीकडे खाऊन-पिऊन गुटगुटीत होतं आणि ढोलक्यात बसून परततं. इराणी मुलंही भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट ऐकत वाढतात, तिथे वाटेत लांडगा, बिबळ्या आणि सिंह असतात. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत या सगळ्या कुळाला १२२ एफ हा क्रमांक आहे.

तेव्हा अमुक एक खरी असं काही नाही. तुमच्या आजीचीच सांगा. ती तुमच्या तोंडात बसलेली आहे, आणि मुलांना ते लगेच कळतं.

२. कोणत्या वयाला ही गोष्ट चालते?

तीन ते आठ. तिशीच्या आतबाहेरचे शिक्षकही प्रशिक्षणात ‘टुणुक टुणुक’ म्हणताना लाजत नाहीत, पण तो भाग सोडा. तीन वर्षांच्या मुलांना दोन प्राणी पुरेत, तिसऱ्यापाशी ती उठून जातात. चार ते सहा या वयात पूर्ण गोष्ट रंगते. सात-आठची मुलं गोष्ट मोडून नवी करतात: भोपळ्याऐवजी टायर, वाघाऐवजी टोलनाक्यावरचा माणूस. तिसरी-चौथीला प्रश्न १ मधल्या बंगाली, पंजाबी, इराणी आवृत्त्या सांगा आणि काय सारखं, काय वेगळं ते त्यांना शोधू द्या. त्या वयाला फक्त मूळ गोष्ट सांगितली तर ‘ही बाळांची आहे’ असं ऐकून घ्यावं लागेल.

३. पुस्तकातून वाचून दाखवू की तोंडी सांगू?

पहिल्यांदा तोंडी. पुस्तक हातात असलं की डोळे पानावर जातात आणि या गोष्टीचा निम्मा जीव सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे.

मुलांना सतरंजीवर अर्धवर्तुळात बसवा आणि स्वतःही खालीच बसा. खिडकीकडे पाठ करू नका, नाहीतर मुलांना तुमच्या चेहऱ्याऐवजी काळी आकृती दिसते. वाघासाठी आवाज चढवू नका, खाली आणा आणि सावकाश बोला. ओरडणारा वाघ लहानग्यांना रडवतो, हळू बोलणारा वाघ त्यांना पुढे सरकायला लावतो. आणि ‘चल रे भोपळ्या’ म्हणून झालं की थांबा, श्वासभर. दुसऱ्या प्राण्यापर्यंत ‘टुणुक टुणुक’ वर्गातूनच येऊ लागतं. ते आलं की पुढे तुम्ही ते शब्द उच्चारायचेच नाहीत.

पाठांतर करू नका. पक्कं हवं ते एवढंच: म्हातारीचं वचन, भोपळ्याचं उत्तर आणि प्राण्यांचा क्रम. क्रम चुकला तर मुलं सोडत नाहीत.

४. सांगताना मधे प्रश्न विचारायचे का? ‘सांगा बरं, लांडग्याचा रंग कोणता?’

नको. रंग, पाय, शेपूट हे सगळं नंतर. मधे प्रश्न आला की गोष्ट तुटते आणि तास सुरू होतो. एकच जागा अपवाद: लेकीच्या घरून निघताना. ‘आता जंगलातून कशी जाईल बाई ही?’ असं स्वतःशीच पुटपुटावं आणि मुलांकडे बघावं. ‘विमानाने’, ‘पोलिसांना फोन करून’, ‘जावयाच्या बुलेटवरून’ अशी उत्तरं येतात. सगळी ऐका, एकही खोडू नका आणि मग भोपळा आणा.

५. मुलं रोज तीच गोष्ट मागतात. नवी कधी सांगायची?

मागतात तोवर तीच. आठवडाभर एक गोष्ट हा बालवाडीला चांगला हिशेब आहे. सोमवारी नुसती गोष्ट, मागेपुढे काही नाही. मंगळवारी पुन्हा गोष्ट, पण ध्रुवपद (‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ ही परत परत येणारी ओळ) पूर्ण मुलांचं. बुधवारी मुलं प्राणी होतात. वर्गाच्या चार कोपऱ्यांत जंगल, दाराशी लेकीचं घर. गुरुवारी खरा भोपळा वर्गात येतो (प्रश्न ९). शुक्रवारी फळ्यावर लिहिणं आणि चित्रं (प्रश्न ८). शनिवारी मुलांपैकी कुणीतरी सांगतं, तुम्ही सतरंजीवर बसून ऐकायचं. शनिवारच्या सांगण्यात काय गळलं आणि काय नव्याने आलं, तेवढं टिपून ठेवा. मुलाच्या भाषेबद्दल त्या दोन ओळींतून जे कळतं, ते तोंडी परीक्षेतून कळत नाही.

६. तात्पर्य काय सांगायचं? ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ चालेल का?

चालणार नाही असं नाही, पण सांगू नका. गोष्ट संपली की शांत बसा. मुलांना जे घ्यायचं ते त्यांनी भोपळा घरंगळत असतानाच घेतलेलं असतं. वर वाक्य चिकटवलं की पुढच्या गोष्टीला ती शेवटच्या वाक्याची वाट बघत बसतात, नाहीतर आधीच म्हणून मोकळी होतात.

हा विचार आजचा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं आणि गोष्टीचा पहिला हेतू आनंद हाच धरला. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. तिथून पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभं राहिलं, त्यातही गाणी-गोष्टी तोंडी लावायला नव्हत्या, मुख्य ताटातच होत्या.

परिपाठाच्या नियोजनात ‘तात्पर्य’ असा रकाना असेल तर तो मुलांकडून भरून घ्या. ‘भोपळ्यात हवा यायला भोक ठेवावं’ हेही तात्पर्यच. लिहून टाका.

७. म्हातारी सरळसरळ खोटं बोलते. मुलं खोटं बोलायला शिकणार नाहीत का?

हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. मुलांना मात्र तो क्वचितच पडतो. जीव घ्यायला उभ्या राहिलेल्याला दिलेलं वचन आणि गृहपाठाबद्दल बाईंना मारलेली थाप, यातला फरक पाच वर्षांच्या मुलाला बरोबर कळतो.

दुसरीच्या पुढे यावर बोलायला हरकत नाही. ‘वाघाला खरं सांगितलं असतं तर?’ एवढाच प्रश्न टाका. बहुतेक मुलं म्हातारीच्या बाजूने असतात, पण एखादं मूल नक्की म्हणतं, ‘वाघ बिचारा उपाशी वाट बघत बसला.’ त्या मुलाला इतर कुणाला हसू देऊ नका. चर्चा तिथूनच सुरू होते. निवाडा मात्र तुम्ही देऊ नका.

८. या गोष्टीतून वाचन कसं शिकवू?

ध्रुवपदापासून. मुलांना ते आधीच पाठ असतं, म्हणून ते फळ्यावर लिहिलं की मुलं ‘वाचतात’. हे खोटं वाचन नाही, वाचनाची पहिली पायरी आहे. म्हणताना शब्दाखाली बोट किंवा पट्टी फिरवा. वेग बोटाचा असू द्या, पाठांतराचा नाही. मग पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर एकेक शब्द लिहा, पट्ट्या विस्कटा आणि लावायला द्या. ‘टुणुक’ दोनदा येतो, दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात, हे ज्याच्या लक्षात आलं त्याला शब्द नावाची वस्तू समजली.

अक्षरं काढायचीच असतील तर भ आणि ळ घ्या. ळ शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, त्यामुळे तक्त्यावर तो बिचारा ‘बाळ’मधला म्हणून लटकत असतो. इथे तो भोपळ्याच्या पोटात ऐकू येतो. ट, ठ, ण एकाच दिवशी काढायचा मोह टाळा.

चित्राखाली मुलाने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं लिहा. ‘म्हातारी भोपल्यात बसली’ असं मूल बोललं तर तेच लिहावं की ‘भोपळ्यात’, यावर शिक्षकांमध्ये दोन तट आहेत. माझं मत: पहिलीपर्यंत मुलाचं, दुसरीपासून खाली प्रमाण रूपही.

९. गणित आणि परिसर अभ्यास यात बसवता येईल का?

उत्तम बसतो, कारण भोपळा बाजारात मिळतो.

लाल भोपळा (तुमच्याकडे डांगर म्हणत असतील) अख्खा आणा. आधी अंदाज: वजन किती, कमरेला किती दोरी लागेल? मुलं दोऱ्या कापून आणतात, बहुतेकांची कमी पडते. मग कापा, बिया काढा, धुऊन कागदावर वाळवा आणि दहा-दहाचे ढीग करा. दशक-एकक शिकवायला यापेक्षा स्वस्त साहित्य नाही. गराचे घारगे करायला मदतनीस ताई तयार असतील तर गोष्टीतल्या तूप-रोटीला उत्तर मिळतं.

‘भोपळा खरंच टुणुक टुणुक उडेल का?’ हे मूल विचारतंच. फळी उताराला लावा आणि लाल भोपळा, दुधी, चेंडू सोडून बघा. चेंडू उडतो, भोपळा घरंगळतो आणि दुधी आडवा वळून फळीवरून पडतो. फळी सपाट केली की भोपळा थांबतो. मग म्हातारीला चढावर कोण ढकलत होतं? यावर दुसरीचा वर्ग बराच वेळ भांडतो.

मोठ्या वर्गाला एक गंमत सांगा. लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला, आपल्याकडे तो पोर्तुगिजांच्या काळानंतर आला. दुधीच्या जातीचा कडू भोपळा मात्र इथे फार जुना. तो वाळला की हलका, पोकळ आणि टणक होतो. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधायचे ते हेच वाळके भोपळे, आणि मिरजेचे तंबोरे बनतात तेही यांचेच. मग गोष्टीतली म्हातारी कोणत्या भोपळ्यात बसली असेल? चित्रांत सगळीकडे लाल असतो, पण आत बसायला आणि घरंगळायला वाळका बरा. मी वाळक्याच्या बाजूने आहे.

१०. एक मूल वाघ आला की रडतं. गोष्ट बंद करू का?

लगेच नको. त्या मुलाला मांडीजवळ बसवा आणि सुरू करण्याआधीच सगळ्यांना सांगून टाका, ‘म्हातारी शेवटी घरी पोचते बरं का.’ गंमत कमी होत नाही, लहान मुलांना शेवट माहीत असलेलीच गोष्ट आवडते. भोपळा फुटण्याचा शेवट पहिल्या आठवड्यात टाळा. नाटकात त्या मुलाला भोपळा ढकलणारी लेक करा, वाघ करू नका. दोन-तीन वेळा असं करूनही मूल हादरत असेल तर घरी विचारा. कारण बऱ्याचदा गोष्टीच्या बाहेर असतं.

११. आमच्या भागात खरंच वाघ-बिबटे आहेत. तरीही ही गोष्ट सांगावी का?

इथे सरसकट उत्तर नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांत, मोहफुलं आणि तेंदूपानं वेचायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात दगावतात. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्या उसात राहतो आणि संध्याकाळी अंगणापर्यंत येतो. अशा गावातल्या वर्गात एखाद्या मुलाच्या घरी किंवा शेजारी अशी घटना घडलेली असेल तर या वर्षी ही गोष्ट बाजूला ठेवा. काऊ-चिऊची, शेणाच्या आणि मेणाच्या घराची सांगा. वाघाऐवजी दुसरा प्राणी घालून काम भागेल असं वाटतं, पण मुलांना मूळ गोष्ट घरून माहीत असते. कुणीतरी ‘बाई, वाघ राहिला’ म्हणतंच, आणि ज्याच्यासाठी वगळला त्याच्याकडे सगळे बघतात.

घटना घडलेली नसेल, नुसता वावर असेल, तर सांगा. पण त्याच दिवशी, गोष्ट संपल्यावर जरा वेळाने, दुसरं बोलणं करा: गोष्टीतला वाघ बोलतो, रानातला बोलत नाही, त्याला युक्ती सांगता येत नाही. एकट्याने रानाकडे जायचं नाही, अंधार पडताना शेताच्या कडेला शौचाला बसायचं नाही, ठसे दिसले तर मोठ्यांना सांगायचं. हे गोष्टीत मिसळू नका. म्हातारीच्या तोंडी वनखात्याच्या सूचना घालणारे फलक पाहण्यात आहेत, त्यात गोष्टही राहत नाही आणि सूचनाही.

डहाणू-जव्हारकडे आणखी एक बाजू. वारली घरांत वाघोबा हा देव आहे, वाघबारशीला त्याची पूजा होते. तिथे वाघाला मूर्ख ठरवून हशा पिकवणं बरं दिसत नाही. गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला आधी गोष्ट ऐकवा. अनेकदा त्या म्हणतात, वाघ ठेवा, फसू द्या कोल्ह्याला.

१२. नाटकात कुणाला भोपळा करायचं? मुलं वर्गातल्या जाड मुलीला ‘भोपळा’ म्हणू लागली आहेत.

भोपळा कुणा एकाला करूच नका. चार-पाच मुलांनी हात धरून गोल करायचा, आत म्हातारी, आणि गोल पुढे सरकायचा. म्हातारीही दर खेपेला वेगळी. ‘जाडजूड होऊन येईन’ हे वाक्य टोचत असेल तर ‘धडधाकट होऊन येईन’ म्हणा, गोष्टीचं काही बिघडत नाही.

चिडवणं सुरू झालं असेल तर गोष्टीला दोष देऊन ती थांबवू नका. त्याने त्या मुलीकडेच बोट जातं. चिडवणाऱ्याशी वेगळं, बाजूला घेऊन बोला. काठी टेकत वाकून चालायची नक्कल करून आजी-आजोबांची टिंगल होत असेल, तरी हेच.

१३. वर्गात मराठी कमी समजणारी मुलं आहेत: पावरी, कोरकू, गोंडी, हिंदी बोलणारी. त्यांना कशी सांगू?

म्हातारीचं वचन मराठीत ठेवा आणि बाकी गोष्ट हातवारे, चित्रं, दोन बाहुल्या यांच्या आधाराने. दुसऱ्या दिवशी त्या मुलांनाच विचारा, ‘तुमच्याकडे वाघाला काय म्हणतात? भोपळ्याला?’ ते शब्द गोष्टीत आणा आणि सगळ्या वर्गाला म्हणायला लावा. घरची आजी वर्गात येऊन तिच्या भाषेत सांगणार असेल तर सोन्याहून पिवळं. वीटभट्टी किंवा ऊसतोडीच्या हंगामात अधेमधे येणाऱ्या मुलांना ध्रुवपद हा वर्गात शिरायचा सोपा रस्ता आहे: पहिल्याच दिवशी ती सगळ्यांबरोबर काहीतरी म्हणू शकतात.

१४. आम्ही परदेशात आठवड्यातून एकदा मराठी शाळा घेतो. तिथे काय बदलायचं?

प्रश्न ५ मधला आठवडा पाच-सहा रविवारांवर पसरवा आणि घरी एक काम द्या: भारतातल्या आजी-आजोबांना फोनवर त्यांची आवृत्ती सांगायला लावणं. अमेरिकेत ऑक्टोबरात दुकानांपुढे भोपळ्यांचे ढीग लागतात, गोष्ट तेव्हाच घ्या. इंग्रजीत समजावून सांगायची घाई नको.

१५. ऐकू कमी येणारं, दिसत नसलेलं किंवा एका जागी न बसणारं मूल असेल तर?

दिसत नसलेल्या मुलाच्या हातात गोष्टीआधी भोपळा द्या, वाळका मिळाला तर तोही: वाजवून बघू दे. ऐकू कमी येणाऱ्याला तुमचा चेहरा समोर हवा (प्रश्न ३) आणि प्रत्येक प्राण्याला एक ठरलेली खूण हवी. ती खूण सगळ्या वर्गाने करायची. न बसणाऱ्या मुलाला काम द्या: ‘टुणुक’ आलं की डफलीवर थाप. ते उभं राहून ऐकत असेल तर राहू दे.

१६. यूट्यूबवर ही गोष्ट आहेच. ती लावली तर?

तुम्ही चार-पाच वेळा सांगून झाल्यावर लावा, आधी नको. आधी लावली की प्रत्येकाच्या चित्रात तोच पडद्यावरचा वाघ येतो.

१७. ‘गोष्टीच सांगता, शिकवता कधी?’ असं पालक आणि वरिष्ठही विचारतात. काय सांगू?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत स्तर मानला आहे, आणि त्या स्तरासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गोष्ट हे शिकवण्याचं साधन म्हणून आहे. निपुण भारत अभियान (२०२१) तिसरीअखेर समजून वाचन मागतं. एवढं वरिष्ठांना पुरतं. नोंदवहीत ‘गोष्ट सांगितली’ असं लिहू नका. ‘क्रमाने चार घटना सांगितल्या’, ‘परिचित ओळ बोट ठेवून वाचली’ असं मुलांच्या नावांसह लिहा.

पालकांना कागद दाखवून उपयोग नाही. त्यांना शनिवारी बोलवा आणि त्यांचंच मूल गोष्ट सांगताना ऐकू द्या.

१८. गोष्टीची छोटी पुस्तिका छापून वाटायची आहे. कॉपीराइटची अडचण येते का?

लोककथा कुणाच्या मालकीची नाही. पण कुणी लेखकाने लिहिलेली तिची विशिष्ट संहिता, चित्रकाराची चित्रं, गाण्याची चाल आणि ध्वनिमुद्रण यांना १९५७ च्या कायद्याचं संरक्षण असतं. लेखी साहित्यासाठी ते लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतं. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने वर्गापुरती प्रत काढायला कायद्यात सवलत आहे. पुस्तिका छापून वाटणं किंवा विकणं त्यात धरून चालू नका. इंटरनेटवरून उचललेलं चित्र ‘शैक्षणिक उपयोगासाठी’ असं लिहिल्याने मोकळं होत नाही.

सोपा मार्ग: संहिता स्वतः लिहा, चित्रं मुलांची घ्या, पालकांची परवानगी घेऊन. तयार चित्रं हवी असतील तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर खुल्या परवान्याखाली पुष्कळ आहेत, तिथे चित्रकाराचं नाव आणि परवाना छापायची अट असते, ती पाळा. गावातल्या एखाद्या आजीची आवृत्ती शब्दशः उतरवून घेतली असेल तर छापण्याआधी तिला वाचून दाखवा, विचारा आणि ती हो म्हणाली तर पहिल्या पानावर तिचं नाव घाला.